भिंतीवरचे दोन तालुके

पोरगं म्हणत होतं, रस्त्याकडंची खोली पाडायची आणि तिथं शटरचे दोन गाळे काढायचे. पुणे-नाशिक रस्ता दारातनं गेलाय, गाळा रिकामा राहायचा नाही, हे मलाही कळतं. तो चाकणला कंपनीत आहे, त्याचं डोकं चालतं. पण त्या खोलीच्या एका भिंतीपायी मी चार महिने हो म्हणत नव्हतो, आणि का म्हणत नव्हतो हे मला धड सांगताही येत नव्हतं. बायको असती तर तिनं सांगितलं असतं. ती गेल्या पौषात गेली.

भिंत सरांची. म्हणजे भिंत माझीच, घरपट्टी मी भरतो. पण तिच्यावर जे होतं ते सरांचं होतं, आणि थोडं हिचं.

सर भूगोल शिकवायचे. मूळचे सांगलीकडचे. रस्त्यावरच्याच एका गावात शाळेवर लागले आणि राहायला कळंबला माझ्याकडं आले. अकरा वर्षं राहिले. खोली बघायला आले तेव्हा त्यांनी खोली बघितलीच नाही. अंगणातलं एक ढेकूळ उचललं, बोटानं चुरलं आणि चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मी म्हणालो, "सर, जेवायची सोय न्हाई का कुठं?"

त्यांनी माती थुंकली नाही, गिळली. म्हणाले, "मालक, नदी जवळ आहे."

"हाय. पर हितनं दिसत न्हाई."

"जिभेला दिसली. गाळाची माती आहे. भाडं किती घेणार?"

ही दारात उभी होती. पदर तोंडाला लावून आत पळाली. तेव्हा वाटलं, हसू आवरलं नाही म्हणून पळाली. नंतर मला म्हणाली, "आमच्याकडं माझा आजा असाच करायचा. वावर इकत घ्यायच्या आधी माती खायचा." मी म्हणालो, "म्हणूनच तुमच्याकडं कुणाकडं वावर न्हाई." मी असाच बोलायचो. अजून बोलतो, फक्त ऐकायला कोणी नाही.

सरांची छत्री सगळ्या गावाला ठाऊक होती. पावसात ती उघडलेली कुणी पाहिली नाही. दांड्यावर चाकूनं खुणा केलेल्या. विहीर दिसली की छत्री आत सोडायचे, ओढा दिसला की ओढ्यात. कुणाचा पाया खणताना दिसला की खड्ड्यात उतरून माती किती खोल आहे आणि मुरूम कुठं लागला ते मोजायचे. मी एकदा म्हणालो, "सर, भिजलायसा की, उघडा ती." तर म्हणाले, "उघडली की मोजता येत नाही."

त्यांचं एक म्हणणं होतं, ते रोज एकदा तरी म्हणायचे. "जिथं मी चाललो नाही, तो भूगोल मी शिकवत नाही." ऐकायला झकास आहे. पण शाळेच्या पुस्तकात सगळी पृथ्वी असते आणि सर चालले होते जुन्नर आणि आंबेगाव एवढे दोन तालुके. आता तुम्हीच हिशेब करा.

रविवारी ते एसटीनं हिंडायचे. जुन्नरवरनं वर आपटाळ्याच्या बाजूला, नाहीतर ओतूरवरनं मढला, माळशेजच्या तोंडाशी. गाडीत बसायचे नाहीत. ड्रायव्हरच्या मागं दांडी धरून उभे राहायचे आणि मोठ्यानं सांगायचे. "इथं बाजरी संपली. हा वरईचा पट्टा. आता त्या वळणाला भात सुरू होईल." कंडक्टर म्हणायचा, "सर, आधी तिकीट घ्या, मग भात सुरू करा." सगळी गाडी हसायची. सर तिकीट घ्यायचे आणि वळण आलं की म्हणायचे, "झाला सुरू." आणि खरंच सुरू झालेला असायचा. मी त्याच रस्त्यानं कितीदा गेलो होतो, लग्नाला, मयताला. मला कधी दिसलं नव्हतं की एका वळणापाशी बाजरी संपते.

बाजारातही तसंच. एकेका पाटीपुढं उकिडवे बसायचे. "बाई, हे कुठनं आणलं? घरी जाताना काय नेणार?" जुन्नरच्या बाजारात एका भाजीवालीनं त्यांना चांगलंच धरलं. "घ्यायचं हाय का नुसतं इचारायचंय? लगीन न्हाई झालं जणू तुमचं."

"नाही झालं."

"दिसतंयच," ती म्हणाली. "घरला काय न्यायचं ते बायकू सांगती, मंग माणूस असा दुसऱ्याच्या पाट्या न्हाई बघत."

सरांनी तेही वहीत लिहून घेतलं. मी शेजारी उभा होतो, माझ्या कांद्याच्या गोण्या उतरवत. मला लाज वाटली, त्यांना नाही.

पावसाचे डबे तर विसरायला नको. गोड्या तेलाचे तीन रिकामे डबे त्यांनी सारख्या उंचीवर कापले. एक माझ्या कौलावर, एक जुन्नरला एका शिंप्याच्या पत्र्यावर आणि एक मढला माझ्या मेव्हण्याच्या घरी. रोज सकाळी पट्टी घालायची आणि किती पाऊस ते कार्डावर लिहायचं. श्रावणात आमच्या डब्याचा नुसता तळ ओला. जुन्नरच्या डब्यात चार बोटं पाणी. आणि मेव्हण्याचं कार्ड आलं, त्याच्यावर एवढंच: "डबा वाहून गेला. काय लिहू?"

सरांनी वहीत लिहिलं, "मढ : डबा वाहून गेला." पुढं पट्टीनं रेघ मारली. म्हणाले, "ह्याच्याइतकी अचूक नोंद दुसरी नाही." अचूकपणाचं त्यांना वेडच होतं. एखादं गाव ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं, एवढ्यासाठी परत दोन गाड्या बदलून जाऊन यायचे.

आता हिचं सांगतो. ही मढची. आमच्यात आणि त्यांच्यात अंतर फार नाही, दिवसात जाऊन येता येतं. पण आमच्याकडं तिकडची पोरगी केली की बायका म्हणायच्या, घाटातनं आणली. हिला बाजरीची भाकरी थापता यायची नाही, हातातच मोडायची. माझी आई तिला भातखाई म्हणायची. मीही म्हणायचो. चाळीस वर्षांच्या संसारात ती माहेरी गेली असेल ती लग्नामयताला, नाहीतर पोराच्या बाळंतपणाला. पोरगंही लई उशिरा झालेलं, एकच. बाकी कधी म्हणाली, "दोन दिस जाऊन येऊ का?" की माझं ठरलेलं. "लई लांब हाय. गुरांचं कोण बघल?" गुरांचं शेजारीही बघायला तयार होते. मला संध्याकाळी घरात दिवा लागलेला पाहिजे असायचा, एवढंच खरं कारण.

सरांनी तिला पहिल्याच महिन्यात विचारलं, "वहिनी, मढला भाताची रोपं भाजलेल्या रानात टाकतात ना? काय काय भाजता?" ती माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं, आता बोलायचं का नाही. मी म्हणालो, "सांग की. त्यांच्यात इचारतात समद्यांना."

मग ती बोलली. राब कसा भाजतात, खाली शेण, वर पाला, त्याच्यावर माती. हिरडा कधी गोळा करायचा, बी धरायच्या आत कसा उचलायचा. पावसात डोक्यावरनं पाठीवर घ्यायची पानांची इरली दारावर कशी टांगलेली असतात. तिचा आजा बैल घेऊन माळशेज उतरायचा, खालनं मीठ आणि सुकट वर आणायचा आणि वरची मिरची-कांदा खाली न्यायचा. सर म्हणाले, "नाणेघाटात दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकायचे म्हणतात. मुलांना राजाचं नाव पाठ असतं. ओझं कुणाच्या पाठीवर होतं ते कुणी सांगत नाही. आता मी सांगेन."

"माझ्या आज्याचं सांगू नका सर," ही म्हणाली. "तो जकात चुकवून यायचा."

असं मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला ते आवडलंही नाही. माझ्या घरात इतकी वर्षं राहिलेली बाई एका भाडेकरूपुढं अर्धा अर्धा तास बोलते, आणि त्यातलं एक अक्षर मला माहीत नसतं. मी विचारलंच नव्हतं, मग कसं माहीत असणार? पण हे आज सुचतंय.

त्याच सुमाराला कालवा आला होता. आमच्याकडं ज्यानं त्यानं ऊस लावला, टोमॅटोला तारा-काठ्या बांधल्या. मीही लावला. घरावर स्लॅब पडायला लागले, मोटरसायकली आल्या. सर एका संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले, "मालक, पाऊस पडतो त्यांच्याकडं आणि पाणी येतं तुमच्याकडं."

"मग काय करू, माघारी धाडू?"

"नको. कुठनं येतं तेवढं माहीत असू द्या."

ही आत भांडी घासत होती. तिथनंच म्हणाली, "चैतात माझी भावजय हंड्यासाठी डोंगर उतरती. खाली धरान भरल्यालं दिसतं." सर म्हणाले, "वहिनी, तुमच्या मढची पुष्पावती कुकडीला मिळते आणि कुकडी पुढं जाऊन इथल्या घोड नदीला. तुमच्या माहेरचं आणि सासरचं पाणी शेवटी एकच होतं. पण लई खाली जाऊन." त्यांना आमचं 'लई' तेवढं चिकटलं होतं.

"तवर कोण थांबतंय सर," ही म्हणाली.

भिंत झाली ती पुढच्या वर्षी. शाळेतल्या नकाशात आमचे दोन तालुके अंगठ्याच्या नखाएवढे, त्यात काय दाखवायचं, म्हणून सरांनी खोलीची आडवी भिंतच घेतली. मी शेतातनं आलो तर भिंतीवर चिखलाचे डाग. डोकं फिरलं माझं. "सर, खोली भाड्यानं दिलीय, भितडं न्हाई."

"भिंत तुमचीच राहील मालक. माती फक्त बाहेरची आहे."

त्यांनी गावागावची माती पिशव्यांतनं आणली होती. ज्या गावाची माती, ती भिंतीवर त्या गावाच्या जागी लावायची. दोन्ही तालुके, डावीकडं घाट आणि उजवीकडं आमचा सपाटीचा भाग. शिक्षण लई, पण चिखल लावता येत नव्हता. वाळला की पोपडे पडायचे. ही दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"सरा बाजूला. शेणाबिगर माती धरती व्हय कुठं? आन् हितल्या मातीत गव्हाचा भुसा चालतो, आमच्याकडल्या मातीत भाताचं तूसच लागतंय. न्हाईतर ती रुसती."

सर बाजूला सरले. पुढचा महिनाभर ते खडूनं गावं आखायचे आणि ही दुपारचं काम उरकून माती कालवायची आणि सारवायची. घाटाकडं तांबडी, जुन्नरच्या आसपास भुरी, आमच्याकडं काळी. नद्या चुन्याच्या बोटानं. किल्ल्यांना खडे. मी येता-जाता टोमणा मारायचो, "सारवून सारवून तालुका सारवला," म्हणून. पण भिंत देखणी झाली होती, ते मला कबूल करावं लागेल. मला नकाशा वाचता येत नाही, चौथी शिकलोय. पण बघून वाटायचं, ही जमीन आहे.

मग पोरं यायला लागली. शाळा सुटली की दहा-पंधरा पोरं खोलीत मांडी घालून बसायची. सर भिंतीला टेकून उभे, हातात छत्री. पोरांना राजधान्या पाठ नव्हत्या. पण कुठल्या गावचा भात कुठल्या बाजारात जातो, मिरचीचा टेम्पो कुठं थांबतो, कुठल्या गावची माणसं मुंबईला हमालीला जातात आणि का जातात, हे तोंडपाठ. माझं पोरगंही त्यात होतं. सरांच्या शेवटच्या वर्षी ते दहावीला.

आता जे केलं ते सांगतो, लपवून काय करू?

पेपर बाहेर तपासायला गेले. प्रश्न होता, पुणे जिल्ह्याच्या पावसाचं वर्णन करा. माझ्या पोरानं लिहिलं, "मामाच्या गावाला मढला डबा वाहून जातो. जुन्नरला चार बोटं. आमच्या कळंबला तळ ओला होतो. बाकीच्या जिल्ह्यात मी चाललो नाही, म्हणून सांगता येत नाही." बाकीची उत्तरंही असलीच. भूगोलात नापास. एकटं तेच नाही, भिंतीपुढची निम्मी पोरं.

गावात बोंब झाली. पालकांनी संस्थेकडं अर्ज केला की हे मास्तर पुस्तक शिकवत नाहीत, पोरांचं वाटोळं करतात, यांना हलवा. अर्ज माझ्याकडं आला. ज्याच्या घरात राहतात त्याचीच सही असली तर वजन पडेल, असं म्हणाले. मी सही केली. पोराच्या रागानं केली असं मी स्वतःला सांगत आलोय. पण हिचं सरांपुढचं ते हसणंही मनात होतं.

सरांची बदली झाली, लांब, तिकडं खाली कुठं तरी. निघताना पत्र्याची एक ट्रंक आणि छत्री. हिनं पायलीभर तांदूळ फडक्यात बांधून दिला. मला म्हणाली, "एवढ्या सालांनी एकदम कशी वो बदली?"

"सरकारी काम," मी म्हणालो. संस्था सरकारी नव्हती. तिला कळत होतं की नाही, कुणास ठाऊक.

दिवाळीला मी भिंतीला चुना दिला. नवीन भाडेकरू येणार होता, त्याच्या बायकोला कपड्यांना माती लागायची भीती. हे एक कारण. दुसरं असं की ती भिंत मला बघवत नव्हती. मी चुना ओढत असताना ही दारात आली. मला वाटलं, काही तरी म्हणेल. भांडेल. तिनं सगळं बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाली, "घमेलं लगीच धुवा. चुना वाळला की निघत न्हाई." आणि आत गेली. त्यावर त्या दिवशी नाही, पुढं कधीच नाही, एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भाडेकरू दोन वर्षांत गेला. मग खोलीत खताच्या गोण्या आल्या, कांदा आला, आणि चुना पुन्हा कुणी दिला नाही.

ही गेली त्याला चार महिने झाले होते. एका सकाळी एसटीतनं एक वाकलेला म्हातारा उतरला. हातात काठी होती. मी ओळखलं नाही. त्यांनी वाकून अंगणातली माती उचलली, तेव्हा ओळखलं.

"वहिनींचं कळलं," सर म्हणाले. "उशिरा कळलं, मालक."

मी पाणी दिलं. दोघं ओट्यावर बसलो. गाड्या जात होत्या. शेवटी मीच बोललो, कारण मला गप्प बसून काही पोटात ठेवता येत नाही. हे एवढंच कसं काय ठेवलं, देव जाणे. "सर, त्या अर्जावर माझी सही व्हती."

"माहीत आहे."

"कुनी सांगितलं?"

"अकरा वर्षं भाडेपावतीवर तीच सही बघत होतो. ओळखणार नाही का?"

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? नापास पोरगं तुमचं झालं होतं." मग काठीनं अंगणात रेघ ओढत म्हणाले, "चूक माझीही होती. पोरांनी बाकीच्या जिल्ह्यात चालायचं कधी आणि परीक्षा द्यायची कधी? मी तेवढा विचार केला नाही. पुढच्या शाळेत पुस्तकही शिकवलं. निकाल चांगला लागला." हे त्यांनी असं सांगितलं, जसं कुणी आजारपण सांगतं.

मी विचारलं, "तिला ठावं व्हतं का, माझ्या सहीचं?"

"मी सांगितलं नाही," सर म्हणाले. मग काठीनं खोलीकडं दाखवलं.

"भिंत बघू?"

"राह्यली न्हाई सर. चुना दिला मी. आन् आता पोरगं खोलीच पाडायची म्हणतंय."

तरी ते उठले. खोलीत गोण्या होत्या, त्या मी ओढल्या. भिंत पांढरी, वर जाळी. सर म्हणाले, "तांब्याभर पाणी आणा." मी आणलं. त्यांनी ओंजळीनं भिंतीवर पाणी मारलं, एकदा, दोनदा. ओल्या चुन्यातनं आरपार दिसतं हे मला ठाऊक नव्हतं, जन्मभर चुना लावूनही. बघता बघता पांढऱ्यातनं तांबडं वर आलं. मग भुरं. मग आमची काळी. आणि सगळ्यावर तिच्या हाताचे फराटे, एकाला एक लागून, अर्धे अर्धे गोल. तिचं करंगळीशेजारचं बोट भात कापताना विळ्यानं अधू झालेलं, ते टेकायचं नाही. प्रत्येक फराट्यात तीन रेघा खोल आणि एक नुसती पुसट. दोन तालुकेभर.

मी खाली बसलो.

सर काठीनं दाखवत होते. घाट, जुन्नर, कुकडी, मंचर. मग थांबले. म्हणाले, "मालक, ह्यात एक चूक आहे."

"तुमच्या नकाशात?"

"मढ बघा कुठं आहे."

मला काय कळणार? मी म्हणालो, तुम्हीच दाखवा. त्यांनी आधी डावीकडं, पार दाराच्या चौकटीपाशी काठी टेकवली. तिथं काहीच नव्हतं, साधं भिताड. "मापानं मढ इथं यायला पाहिजे. मी खडूनं इथंच आखलं होतं." मग काठी उजवीकडं आणली, आमच्या काळ्या मातीपाशी. कळंबच्या अगदी शेजारी तांबड्या मातीचा एक ठिपका होता, पुरणपोळीच्या गोळ्याएवढा. "वहिनींनी इथं लावलं. दुपारी, मी शाळेत असताना. संध्याकाळी मी म्हणालो, वहिनी, हे खरवडून तिकडं घ्यावं लागेल, अंतर चुकतंय. तर म्हणाल्या, राहू द्या सर. एवढं एक जवळ असू द्या."

"आन् तुमी ऱ्हाऊ दिलं?"

"राहू दिलं."

"एका ओढ्यासाठी दोन गाड्या बदलून जाणारा मानूस तुमी."

"पोरं बसली की मी त्याच ठिपक्यावर पाठ टेकून उभा राहायचो," सर म्हणाले, "कुणाला दिसू नये म्हणून."

तेव्हा मला त्यांच्या शर्टाची पाठ आठवली. कायम तांबडी. मी हिला म्हणायचो, मास्तरला कपडे धुता येत नाहीत.

सर पाणी मारत राहिले, वाळेल तिथं परत. मी उठलो आणि हात लावला. अंगठा आमच्या कळंबवर ठेवला आणि पंजा ताणला. करंगळी मढवर पडली. एक वीत. तिनं मागितलं होतं ते एवढं अंतर, आणि मी दर वेळी म्हणालो होतो, लई लांब हाय.

दुपारच्या गाडीनं सर गेले. राहा म्हणालो, पण त्यांना थांबवत नव्हतं. गाडीत चढताना कंडक्टरनं त्यांना जागा करून दिली. ते बसले नाहीत, दांडी धरून उभे राहिले.

संध्याकाळी पोराचा फोन आला. "आबा, ठेकेदार उद्या येतोय. काय सांगू?"

"खोली पाड," मी म्हणालो. "तिन्ही भिती पाड, कौलं उतरव. ती आडवी भित तेवढी ऱ्हाऊ दे. तिच्यावर पत्र्याचं छप्पर घाल, पाऊस लागला न्हाई पायजेल."

"आबा, ती मातीची भिंत. मधी एक जुनी भिंत ठेवून दोन गाळे कसे निघतील?"

"मग एकच काढ."

"आणि एकही नाही निघाला तर?"

"तर नको काढू," मी म्हणालो. "आन् रईवारी ये. मढला जायाचंय तुझ्या मामाकडं. तुझी आई लई दिस म्हणत व्हती."